गिटार : कॉर्ड बदलताना उजवा हात थांबतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वय ५१, मुक्काम मिरज. लेक इंजिनिअरिंगला पुण्याला गेली आणि तिची गिटार घरीच राहिली. गेले चार महिने रात्रीची जेवणं आटोपली की अर्धा-पाऊण तास मी ती घेऊन बसतो. क्लास लावलेला नाही, व्हिडिओ बघून शिकतोय. सी, जी, डी, ए मायनर, ई मायनर हे कॉर्ड (एकत्र वाजणारे सुरांचे गट) नुसते धरून वाजवले तर स्वच्छ वाजतात. अडतं ते एकावरून दुसऱ्यावर जाताना.

लहानपणी तीन-चार वर्षं तबला शिकलो होतो, त्याचा स्ट्रमिंगला, म्हणजे तारांवरून लयीत हात फिरवायला, फार उपयोग झाला. ‘डाऊन, डाऊन, अप, अप, डाऊन, अप’ हा नेहमीचा पॅटर्न दोन आठवडे हाताला लागत नव्हता. एका रात्री तो केरव्याच्या आठ मात्रांवर मांडून पाहिला. १, ३, ५, ७ ला हात वरून खाली येतो. २, ४, ६, ८ ला परत वर जातो. हात कुठेच थांबत नाही, फक्त दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला तारांना न लागता जातो. आणि पाचवी मात्रा म्हणजे केरव्याची ‘खाली’, तालातली टाळी नसलेली जागा! ‘धा गे न ति’ संपून ‘न’ येतो, नेमका तिथेच हात रिकामा जातो. हे उमगलं आणि त्याच बैठकीत पॅटर्न बसला. तालाची सवय असलेल्या नवशिक्यांनी जरूर करून बघा.

पण हे एकाच कॉर्डवर. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर ठेवूनसुद्धा कॉर्ड बदलायची वेळ आली की डावा हात बोटं शोधतो आणि उजवा त्याची वाट बघत थांबतो. सी वरून ए मायनरला फक्त अनामिका हलते, तर्जनी आणि मधलं बोट जागेवरच राहतात, म्हणून तो बदल मिनिटाला ३८ वेळा होतो. सी वरून जी मात्र १७ वेळाच. मी जी धरताना मधलं बोट सहाव्या तारेवर आणि तर्जनी पाचव्या तारेवर ठेवतो. त्याऐवजी अनामिका सहावीवर, मधलं पाचवीवर आणि करंगळी पहिल्या तारेवर ठेवली, तर सी मधली दोन बोटं आहेत त्याच आकारात एकेक तार सरकतात. हे सोपं दिसतंय, पण करंगळीत जोर नाही. चार महिन्यांची सवय आता मोडावी का?

दुसरं, ओळखीचे एक जण ऑर्केस्ट्रात वाजवतात. ते म्हणतात, उजवा हात कधीही थांबवू नका, शेवटच्या अपला मोकळ्या तारा वाजल्या तरी चालेल. शेजारच्या मुलाला शिकवणारे सर म्हणतात, तसं केलं की चुकीचंच हातात बसतं, लय ४० वर आणा. तुम्ही स्वतः कसे शिकलात ते सांगाल का?

आता एफ. सध्या चार तारांचा छोटा एफ वाजवून वेळ मारून नेतोय. पूर्ण बार कॉर्ड (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी ठेवून धरायचा) पाचव्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या पाचव्या पट्टीपाशी, धरला तर सगळ्या तारा बोलतात, पहिल्या फ्रेटवर धरला की दुसरी आणि तिसरी मुकी. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पाहिली, तर व्हिजिटिंग कार्ड आरामात सरकतं. इतकी फट असते का, की नट (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) उंच आहे?

लेक दिवाळीत येईल. ती गाते, मला तिच्या मागे वाजवायचंय. तिला अजून काही सांगितलेलं नाही, त्यामुळे तिलाच विचारायची सोय नाही.

मिरजेत सतार-तंबोऱ्याचे उत्तम कारागीर आहेत. त्यांच्याकडे गिटारचा नट घासायला दिला तर चालेल का, की गिटारचंच काम करणारा माणूस हवा? खाच जास्त खोल गेली तर मोकळी तारच खरखरेल, म्हणून आधी इथे विचारतोय.