गोळीबार चौक ते तांडापेठ: विणकरांच्या वस्तीचे नेमके काय जपायचे?

मूळ लेख (नागपुरातील तांडापेठेतील रहिवासी)

गेल्या महिन्यात आमच्या शेजारचे एक जुने घर पाडण्यात आले, तेव्हा पुढच्या खोलीची फरशी उखडल्यावर खाली मागाचा खड्डा निघाला. याच खड्ड्यात पाय सोडून विणकर बसत असे, पायांनी पावड्या दाबीत असे आणि हाताने धोटा फेकीत असे. कडेला तेल पिऊन काळा पडलेला एक खुंटा अजून घट्ट उभा होता. मजुरांनी तासाभरात मलबा लोटून तो खड्डा बुजवला. मन अस्वस्थ झाले, म्हणून हे लिहीत आहे.

भोसल्यांच्या दरबाराच्या आश्रयाने नागपुरात विणकाम वाढले. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, इंग्रजांनी राज्य खालसा केले आणि तो आश्रय संपला. १८६७ मध्ये रेल्वे आली आणि विलायती कापड स्वस्तात येऊ लागले. १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. तरीही माग थांबले नाहीत, कारण रेशीमकाठी लुगड्याचा काठ आणि पदर हाताइतका नीट यंत्राला जमत नव्हता, आणि गिरणीचेच सूत आमच्या मागांवर येऊ लागले होते. गिरणीने माग मारला एवढ्यावर आपण हा इतिहास संपवतो, ते मला पुरते पटत नाही.

परंतु मला मुख्यतः गल्लीबद्दल सांगायचे आहे. ताण्याला खळ लावण्याचे काम, म्हणजे पाजणी, घरात होऊ शकत नसे. त्यासाठी सकाळच्या कोवळ्या उन्हात गल्लीभर सूत ताणावे लागे आणि ते वाळण्याच्या आत दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवायला शेजारची माणसे लागत. आज तुमची पाजणी, उद्या आमची, असा तो व्यवहार होता. ज्याला आपण वस्तीतील एकोपा म्हणतो, तो या रोजच्या कामातून घडला. म्हणून माझी मागणी अशी की, जुने घर पाडण्याची परवानगी देण्यापूर्वी महापालिकेने त्याची मोजमापे व छायाचित्रे घ्यावीत, वृद्ध विणकरांच्या मुलाखती नोंदवाव्यात आणि किमान एक गल्ली आहे त्या स्वरूपात राखावी.

प्रतिसाद: पाचपावलीहून

आपल्या भावनेचा आदर राखूनही मी या मागणीला ठाम विरोध करतो. आमच्या घरी दोन माग होते. आई पहाटे उठून रहाटावर धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरीत असे. स्वयंपाक, मुले आणि पुन्हा कांड्या, असा तिचा दिवस जाई आणि त्या कामाची मजुरी तिच्या हातात कधीच पडत नसे, कारण मजुरी लुगड्याची मिळे, कांडीची नाही. सूत व्यापाऱ्याकडून उधारीवर यायचे, तयार माल त्यालाच त्याच्या भावाने द्यायचा, आणि पावसाळ्यात खड्ड्याला ओल येऊन काम अडले की उधारी वाढायची. वडिलांचे गुडघे पन्नाशीतच गेले. एम्प्रेस मिलच्या कामगारांना १९०१ पासून भविष्य निर्वाह निधी होता. घरच्या मागावर बसणाऱ्याला म्हातारपणी मुलांशिवाय काहीच नव्हते.

गल्लीत माणसे एकत्र येत, ती गरजेपोटी येत. आता ती गरज उरलेली नाही याचा मला आनंद आहे. आणि जी गल्ली आपण राखणार, तिच्यातील घरमालकाने काय करायचे? त्याची मुले मोठी झाली आहेत, त्याला वर एक मजला हवा आहे. वारशाची पाटी लागली की तो मजला अडकेल. दुसऱ्याच्या पडक्या भिंतीवर आपण आपल्या आठवणी टांगू नयेत.

प्रतिसाद: मोमिनपुऱ्याजवळून

दोघांच्याही लिहिण्यात विणकर म्हणजे केवळ कोष्टी जातीचे असे गृहीत धरलेले दिसते. मोमिनपुऱ्यातील मोमीन विणकरांनीही याच शहरात पिढ्यानपिढ्या माग चालवले. सुताचा भाव चढला की दोन्ही वस्त्यांतील चुली सारख्याच मंदावत. नोंदी करायच्या असतील तर त्या व्यवसायाच्या व्हाव्यात, एका जातीच्या नव्हेत.

प्रतिसाद: गांधीबागेतून

एक अडचण कोणी मांडलेली नाही. विणकरांतील हलबा-कोष्टी हे हलबा या अनुसूचित जमातीतलेच आहेत, या दाव्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय नोव्हेंबर २००० मध्ये आला आणि तो दावा मान्य झाला नाही. त्यापूर्वी अंतिम झालेले प्रवेश व नेमणुका यांना न्यायालयाने संरक्षण दिले, तरी जात पडताळणीची धास्ती आजही अनेक घरांत आहे. अशा घरात जाऊन आजोबांचे कागद मागितले, तर ते कोण दाखवील? कागदावरील एका शब्दाने नातवाची नोकरी जाईल असे ज्याला वाटते, तो आपला इतिहास कुलपातच ठेवणार. आधी हा विश्वास कसा मिळवायचा ते सांगा.

मूळ लेखकाचे उत्तर

पाचपावलीकरांनी आईबद्दल जे लिहिले, ते वाचून मी माझ्या मागणीचा एक भाग मागे घेतो. राहत्या घराला कुलूप घालून वारसा राखता येत नाही. गल्ली जशीच्या तशी ठेवण्याचा आग्रह मी सोडतो. मात्र नोंदीचा आग्रह सोडणार नाही, आणि तो त्यांच्याच प्रतिसादामुळे. कांडीला मजुरी नव्हती ही गोष्ट त्यांनी येथे लिहिली नसती, तर ती कोणत्या दप्तरात सापडली असती? उद्या शहराने विणकरांचे एखादे दालन उभारले, तर त्यात रेशीमकाठी लुगडे नक्की असेल. उधारीची वही आणि आईचा रहाट असेलच असे नाही.

मोमिनपुऱ्याचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. कागदांच्या धास्तीबद्दल मला वाटते की, सुरुवात जात न विचारता करावी: ताणा किती हातांचा असे, खळ कशाची करत, एका लुगड्याला किती दिवस लागत, सूत कोणत्या भावाने येई. एवढे सांगायला कोणी घाबरणार नाही. आमच्या गल्लीत पाजणी केलेली तीन माणसे आज हयात आहेत, त्यांपैकी एका आजींना ऐकू येणे कमी झाले आहे. पुढच्या रविवारी सकाळी मी त्यांच्यापासून सुरुवात करणार आहे. पाचपावलीकरांनी सोबत यावे, कारण काय विचारायचे ते त्यांना माझ्यापेक्षा अधिक कळते.