ल्हासातून कलकत्त्यामार्गे चीनला

१९१२ साली तिबेटच्या राजधानीत, ल्हासात, शरण आलेलं चिनी सैन्य आलं त्याच वाटेने, म्हणजे पूर्वेकडून, मायदेशी गेलं असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. पूर्वेला खाममध्ये, म्हणजे पूर्व तिबेटात, लढाई पेटलेली होती. चीनमधल्या १९११ च्या क्रांतीनंतर या सैनिकांचा पगार तुटला, शिस्तही मोडली. शेवटी नेपाळच्या मध्यस्थीने करार झाला: शस्त्रं ल्हासातच ठेवायची आणि भारतमार्गे परत जायचं. मग ही माणसं तुकड्या-तुकड्यांनी ग्यान्त्से गाव, सिक्कीम आणि भूतानमधलं तिबेटचं चुंबी खोरं, हिमालयाच्या खिंडी असं करत ब्रिटिश हद्दीत उतरली आणि कलकत्त्याहून बोटीने चीनला गेली. त्यांचा सेनानी झोंग यिंग जानेवारी १९१३ मध्ये ल्हासातून निघाला.

मला यातली एक गोष्ट फार अस्वस्थ करते. १९१० मध्ये याच सैन्याच्या भीतीने तेरावे दलाई लामा चुंबीतूनच भारतात पळाले होते. तीनच वर्षांत पाठलाग करणारेही त्याच वाटेने, निःशस्त्र, खाली आले. त्यात सेचुआनमधून भरती केलेले साधे शिपाई बरेच होते. ज्या चिंग राजवटीने त्यांना तिबेटात धाडलं, तीच तोवर उरली नव्हती.