मदत हवी आहे: गाडीच्या एसीत घरीच गॅस भरू का?

उन्हाचा_चटका (धागाकर्ता), 18 मे, रात्री 10:50

मंडळी, नागपूरचा मे चालू आहे, म्हणून प्रस्तावना लांबवत नाही.

गाडी 2013 ची पेट्रोल हॅचबॅक, 94,000 किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा मायलेजवर घसरतो आणि माझा एसी आहे तिथेच राहतो. एसी गार करत नाही. म्हणजे सकाळी साताला मुलीला क्लासला सोडतो तेव्हा ठीक असतो. वर्धा रोडला मोकळ्यावर पळवली की बरा चालतो. बर्डीच्या गर्दीत अडकलं की दहा मिनिटांत नुसता पंखा. समोरून कॉम्प्रेसरचा (एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप) 'टक' आवाज येतो, थोडं गार, पुन्हा 'टक', पुन्हा गरम.

मागच्या मेमध्ये रस्त्याकडेच्या एका एसीवाल्याकडे गॅस भरला, 1,800 रुपये. वर्ष बरं गेलं. या एप्रिलमध्ये पुन्हा कुरकुर सुरू झाली म्हणून दुसऱ्याकडे गेलो. त्याने नळी लावली, काटा बघितला, 'थोडा कमी आहे' म्हणत दहा मिनिटांत टॉपअप करून 1,500 घेतले. पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

शेवटी ऑनलाइन किट मागवलं: आर-134ए चा (गाडीच्या एसीतला गॅस) 450 ग्रॅमचा डबा, एक नळी, तिच्यावर हिरवा-पिवळा-लाल असा छोटा गेज. 650 चा डबा, नळी वेगळी. व्हिडिओत तर पाच मिनिटांचं काम दिसतं. आज संध्याकाळी निळ्या टोपणाच्या जागी (टोपण नव्हतंच, पण व्हिडिओवरून जागा ओळखली) नळी लावली, इंजिन आणि एसी चालू ठेवला. काटा 62 वर गेला, पिवळ्याच्या शेवटी. डबा अजून उघडलेला नाही.

प्रश्न:
1. गेज खराब आहे का? गॅस कमी असताना काटा इतका वर कसा?
2. सोबत 'लिकेज बंद करणारं औषध' असलेली छोटी बाटली आली आहे, तीही टाकू का?
3. डबा डिकीत आहे, उद्या रविवार आहे. करून टाकू का?

कोपऱ्यातला_काका, रात्री 11:05

पहिलं काम: डबा डिकीतून काढ. डब्यावर बारीक अक्षरात 50 अंशांच्या वर ठेवू नका असं लिहिलेलं असेल. नागपुरात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत काय होतं ते तुला मी पुण्यातून सांगायला नको. बाकी चर्चा नंतर.

उन्हाचा_चटका, रात्री 11:12

काढला. जिन्याखाली ठेवला. बायको म्हणते तिथेही नको.

भाऊ_वऱ्हाडी, रात्री 11:20

काहून इतकी घाई करून रायले भाऊ. दुपारी काचा खाली, डोक्याला ओला दुपट्टा, हातात कांदा. आमच्या बापजाद्यांनी असेच उन्हाळे काढले.

गेजवाला, 19 मे, सकाळी 7:30

बावीस वर्षं फ्रिज आणि एसीच्या धंद्यात आहे, त्यातली नऊ गाड्यांच्या. थोडं लांबेल.

तुमचा गेज बहुतेक बरोबर आहे. चूक आहे ती 'गार होत नाही म्हणजे गॅस कमी' या समजुतीत, आणि ती आमच्याच धंद्याने लोकांच्या डोक्यात घातली आहे. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद चक्रात फिरतो. रबरी होजमधून वर्षाकाठी थोडासा झिरपतो, पण एका उन्हाळ्यात एसी बसेल इतका नाही. खरंच कमी झाला असेल तर कुठून तरी गेला आहे.

आता तुमचे आकडे. एसी चालू असताना निळ्या, म्हणजे लो बाजूला साधारण 30 ते 45 पीएसआय (दाबाचं माप, तुमच्या गेजवरचे आकडे तेच) असावेत. कडक उन्हात थोडे जास्त. गॅस कमी असता तर काटा 20-25 ला लोळला असता. तुमचा 62 वर आहे. गॅस कमी असल्याचं हे लक्षण नाही, उलटं आहे.

आणि ते 'टक'. लाइनवर प्रेशर स्विच असतो. गॅस फार कमी झाला तरी तो कॉम्प्रेसर तोडतो आणि दाब फार वाढला तरीही तोडतो. आवाज दोन्हीकडे सारखाच, म्हणून लोक फसतात. एप्रिलमधला भाऊ नेमका तिथेच फसला असेल, किंवा फसायचं नव्हतं तरी गिऱ्हाईक परत कशाला पाठवायचं असा हिशेब असेल.

पळताना गार आणि उभं राहिलं की गरम, हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेल. पळताना समोरच्या जाळीला वारा आपोआप लागतो. उभ्या गाडीत तो वारा फॅनने द्यायचा असतो. बोनेट उघडा, एसी लावा आणि कंडेन्सरचा (जाळीमागची, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी कॉइल) फॅन फिरतो का ते नुसतं बघा. हात घालू नका, बंद दिसणारा फॅन कधीही अचानक सुरू होतो.

दुसरी परीक्षा फुकटची आहे. एसी कोमट झाला की बादलीभर साधं पाणी समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर हळूहळू ओता. फॅनच्या मोटरवर आणि वायरिंगवर नको. मिनिटभरात आत गार हवा आली तर गॅस ठीक आहे, वाऱ्याची बोंब आहे.

ते औषध टाकू नका. लिकेज बंद होईल न होईल, चांगल्या वर्कशॉपचं मशीन मात्र त्याने चोक होतं. कळलं तर ते गाडीला हात लावत नाहीत.

ह्यूस्टनकर, सकाळी 8:15

गेजवाल्यांना +1.

इकडे टेक्सासमध्ये हा डबा ऑटो पार्ट्सच्या दुकानात ऑइलच्या शेजारीच मिळतो आणि शनिवारी निम्मा मोहल्ला बोनेट उघडून उभा असतो. 2018 पासून छोट्या डब्यांना आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह सक्तीचा आहे, म्हणजे नळी काढली की उरलेला गॅस हवेत जात नाही. कॅलिफोर्नियात तर डब्यावर दहा डॉलर डिपॉझिट घेतात, रिकामा परत आणला की मिळतं. नव्या गाड्यांत आर-1234वायएफ असतो. त्याचं तोंड वेगळं, जुना डबा बसत नाही, आणि भाव ऐकून माणूस खिडकीच उघडतो.

मी स्वतः दोनदा भरला आहे. एकदा जमलं. दुसऱ्यांदा हिरव्या पट्ट्यावर विश्वास ठेवून जास्त भरला आणि एसी आधीपेक्षा वाईट झाला. तो पट्टा कुठल्या तापमानाचा हे त्यावर लिहिलेलंच नसतं.

पाना_नंबर_दहा, सकाळी 9:02

पण मग घरी करायचंच नाही का? मला गॅरेजवाल्यांचा राग नाही, पण स्वतः करण्यात मजा आहे. दुसरं, इंजिन बंद असताना दाब मोजला तर गॅस किती आहे ते कळत नाही का?

गेजवाला, सकाळी 9:40

नाही कळत, आणि हे समजलं की निम्मी फसवणूक थांबते. बंद गाडीत सकाळी 30 अंश असतील तर आर-134ए चा दाब साधारण 97 पीएसआय दिसतो. आत दोनशे ग्रॅम असो की पाचशे, जोवर थोडासा गॅस पातळ रूपात शिल्लक आहे तोवर काटा तिथेच. घरच्या सिलिंडरसारखंच आहे. दाबावरून सिलिंडर किती उरलाय हे सांगता येत नाही, उचलून वजनावरून सांगतो ना आपण?

म्हणून गॅस वजनावर भरायचा. बोनेटखाली किंवा पुढच्या पट्टीवर स्टिकर असतो, त्यावर ग्रॅम लिहिलेले असतात. छोट्या गाड्यांत चारशेच्या आसपास. इतक्या कमी मापात शंभर ग्रॅम इकडेतिकडे म्हणजे पाव हिस्सा.

घरी करायचं तर करा, पण पूर्ण करा. दोन काट्यांचा मॅनिफोल्ड गेज, व्हॅक्यूम पंप आणि पाच ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, एवढं हवंच. लाइन रिकामी असेल तर आधी लिकेज शोधा: साबणाचं पाणी, जोडांवर तेलकट डाग, कंडेन्सरला दगड लागल्याच्या खुणा. दुरुस्त झाल्यावर निदान अर्धा तास व्हॅक्यूम मारा, पंप बंद करून आणखी अर्धा तास काट्याकडे बघत बसा. काटा हलला तर लिकेज आहे, गॅस उघडू नका. व्हॅक्यूम केवळ हवेसाठी नसतो. आतली ओल त्या दाबाला उकळून वाफ होऊन निघते. ती राहिली तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (गॅस पसरून गार होतो ती बारीक झडप) तोंडाशी बर्फ होतो, आणि कॉम्प्रेसरचं तेल पाणी शोषून खराब होतं ते वेगळंच.

मग डबा काट्यावर उभा ठेवून, फक्त निळ्या बाजूने, इंजिन चालू ठेवून हळूहळू. डबा उलटा करायचा नाही, पातळ गॅस कॉम्प्रेसरमध्ये गेला तर वॉल्व्ह फुटतात. लाल, म्हणजे हाय बाजूला डबा कधीही लावायचा नाही. चालू गाडीत तिथे दोनशेच्या वर पीएसआय असतात, तो दाब डब्यात शिरला तर डबा फुटतो. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. हा पातळ गॅस उणे 26 अंशांना उकळतो, बोटावर पडला तर कातडी गोठते.

घरच्या एसीच्या मिस्त्रीकडून त्याच्या सिलिंडरचा गॅस गाडीत टाकून घेऊ नका. आर-22, आर-32 वेगळे, त्यांचे दाब वेगळे. स्वस्तात गार होतं म्हणून कुणी कुणी एलपीजीसारखा गॅस टाकतात. तो जळतो, आणि कुलिंग कॉइल तुमच्या डॅशबोर्डच्या मागे आहे. यापुढे बोलत नाही.

कोपऱ्यातला_काका, सकाळी 10:10

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी वरचं सगळं विसरा. त्यांचा कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो, तेलही वेगळं असतं. चुकीचं तेल घातलेला डबा लावलात तर इन्सुलेशनची वाट लागते.

उन्हाचा_चटका, दुपारी 1:25

गेजवाले, तुमचा पत्ता द्या, संत्री पाठवतो.

फॅन फिरत नाही! इतके दिवस ब्लोअरच्या आवाजाला मी फॅन समजत होतो. पाणी ओतलं, दोन मिनिटांत हवा गार आणि गेजचा काटा 62 वरून 45 वर. मुलीने व्हिडिओ काढला आहे, त्यात मी बादली घेऊन गाडीला अभिषेक करतोय असं दिसतं, म्हणून इथे टाकत नाही.

आता नवी शंका. एप्रिलमध्ये त्याने जो टॉपअप केला तो जादाच असणार ना? मग निळ्या बाजूची पिन दाबून थोडा गॅस सोडून देऊ का? 45 वरून 40 वर आणतो.

अर्धवट_रसायन, दुपारी 2:00

नको!! आर-134ए ची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या 1,430 पट धरतात. तुझ्या गाडीतले 400 ग्रॅम म्हणजे 572 किलो कार्बन डायऑक्साइड. तेवढा धूर काढायला ही गाडी चारेक हजार किलोमीटर चालवावी लागेल. भारताने 2021 मध्ये किगाली करार मान्य केला तो याच जातीच्या गॅसांचा वापर कमी करण्यासाठी.

भाऊ_वऱ्हाडी, दुपारी 2:08

आला मास्तर.

गेजवाला, दुपारी 2:45

मास्तरांचं बरोबर आहे, आणि तुमच्या खिशाचंही एक कारण आहे. पिन दाबली की गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल उडतं. किती गेलं कळत नाही. गॅस किती उरला तेही कळत नाही, म्हणजे पुन्हा काट्याच्या अंदाजावर. आधी फॅन करा. मग रिकव्हरी मशीन (गॅस हवेत न सोडता काढून घेणारं) असलेल्या ठिकाणी जा आणि 'पूर्ण गॅस काढून वजन दाखवा, व्हॅक्यूम मारा, स्टिकरप्रमाणे भरा' असंच सांगा. 'गॅस चेक करा' म्हणू नका, लगेच टॉपअप होतो.

निळ्या बाजूला टोपण नाही म्हणालात. ते केवळ धुळीसाठी नसतं. आतली पिन थोडीफार गळतेच, खरा बंदोबस्त टोपणातल्या ओ-रिंगचा. गेल्या वर्षी गॅस खरोखर कमी झाला असेल तर मी पहिला संशय तिथे घेईन.

उन्हाचा_चटका, 23 मे, रात्री 9:30

अपडेट देतो, नाहीतर धागे अर्धवट राहतात.

फॅनच्या मोटरचे ब्रश संपले होते. मोटर बदलली, मजुरीसकट 2,600. मग एका मशीनवाल्याकडे गेलो. त्याला वरचं वाक्य शब्दशः ऐकवलं, तो जरा दचकला. गाडीतून 520 ग्रॅम गॅस निघाला. स्टिकरवर 400. म्हणजे एप्रिलमध्ये मी 1,500 रुपये देऊन एसी बिघडवून घेतला होता. अर्धा तास व्हॅक्यूम, काटा हलला नाही. पिन आणि टोपण नवीन. बरोबर 400 भरला. 1,900 झाले.

आज दुपारी तीनला मुद्दाम बर्डीत गेलो. बाहेर 45, गाडी उभी, वीस मिनिटं. 'टक' नाही. मुलीने ब्लोअर एकवर आणायला लावला.

डबा अजून तसाच, सील न फोडलेला. परत घेत नाहीत, 'धोकादायक वस्तू' म्हणून कुरिअरवाला नाही म्हणतो. येताना मात्र कसा आला कुणास ठाऊक.

पाना_नंबर_दहा, रात्री 9:41

नागपुरात कुठे राहता? मी पुढच्या आठवड्यात अमरावतीहून येतोय. वजनकाटा आणि पंप घेतलाय, फक्त डबा राहिला होता.

उन्हाचा_चटका, रात्री 9:44

व्यनि केला. सकाळी लवकर या, आणि डिकीत ठेवू नका.