मुलांच्या हातातला मोबाइल: तुमच्या घरी काय घडलं?

परवा रात्री मी ओटा आवरत होते आणि आठ वर्षांचा मुलगा हॉलमध्ये माझा फोन घेऊन बसला होता. त्याला इंग्रजी स्पेलिंग जमत नाही, म्हणून तो माइकचं बटण दाबून बोलून शोधतो. शाळेत मोठ्या मुलांच्या तोंडून ऐकलेला एक शब्द त्याने विचारला. मी हात पुसत बाहेर आले तर फोन सोफ्यावर पालथा, आणि हा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेला. मी फोन बघितला, त्यावर मुलांनी बघू नयेत अशी चित्रं होती, आणि मी त्याच्यावर ओरडले. दुसऱ्या दिवशी त्याचा डबा भरताना लक्षात आलं, त्याने फक्त अर्थ विचारला होता. त्याला जवळ घेऊन सॉरी म्हटलं, पण दोन दिवस तो माझ्यासमोर फोनला हात लावत नव्हता.

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा. कशाचा उपयोग झाला, कशाचा नाही, तेही लिहा. मुलांची नावं मात्र नकोत.

आजोबा, सातारा

मी ६८ वर्षांचा. दुपारी पाच वर्षांची नात माझ्याजवळ असते. गॅलरीतले स्वतःचे फोटो बघायला तिला फार आवडतं. एकदा बोटाने फोटो सरकवता सरकवता थांबली आणि म्हणाली, "आबा, या काकूला थंडी नाही का वाजत?" आमच्या जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकलेला व्हिडिओ होता तो. मी उघडलासुद्धा नव्हता. सगळं आपोआप डाउनलोड होऊन गॅलरीत जाऊन बसत होतं. सूनबाईंपुढे मला मान वर करता येईना.

मुलाने संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ऑटो-डाउनलोडच्या सगळ्या खुणा काढल्या, मोबाइल डेटा, वाय-फाय, रोमिंग तिन्हीकडच्या, आणि मीडिया व्हिजिबिलिटी, म्हणजे आलेलं सगळं गॅलरीत दाखवणारी सोय, बंद केली. आता मी उघडल्याशिवाय काही उतरत नाही. ग्रुपवर मी लिहिलं, हा फोन माझ्या नातीच्या हातात असतो, असलं टाकायचं असेल तर मला ग्रुपमधून काढा. दोघे रागावले. अ‍ॅडमिनचा मात्र फोन आला, त्याच्याही घरी हेच झालं होतं. आपण मोठ्यांनी आधी आपले फोन झाडून घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

बाबा, नागपूर

फुकटच्या गेममध्ये येणाऱ्या जाहिराती एकदा मुलांच्या शेजारी बसून बघा. मुलगी साधा गाड्यांचा गेम खेळत होती आणि मधेच नवरा-बायकोची मारहाण. गेमवरचा वयाचा आकडा बघून मी निर्धास्त होतो. आता खेळताना विमान मोड. नेटशिवाय चालत नसेल तो गेम काढून टाकतो.

दोन मुलांचा बाबा, पुणे

माझं काम नेटवर्कचं, म्हणून घरी काय केलं ते सविस्तर लिहितो. वाय-फाय राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या रकान्यात १.१.१.३ आणि १.०.०.३ टाकलं. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीने २०२० मध्ये कुटुंबांसाठी सुरू केलेली ही मोफत सोय आहे. कुठलीही साइट उघडायची तर फोन आधी डीएनएसला तिचा पत्ता विचारतो. हा डीएनएस अश्लील साइटचा पत्ताच देत नाही. मुलाच्या फोनवर गूगलचं फॅमिली लिंक आहे, नवीन अ‍ॅप घ्यायचं तर परवानगी माझ्या फोनवर मागितली जाते. धाकटीला यूट्यूब किड्समध्ये आम्ही निवडलेलेच व्हिडिओ दिसतात. २०१७ मध्ये ओळखीच्या कार्टून पात्रांच्या आडून भलतेच व्हिडिओ यूट्यूबवर पसरले होते, तेव्हापासून नुसत्या चित्रावर माझा भरवसा नाही.

हे सगळं कुठे तोकडं पडतं तेही सांगतो. मोबाइल डेटा चालू केला की राउटरचा संबंध संपतो. इन्स्टाग्रामच्या आत काय दिसतंय ते डीएनएसला कळत नाही. व्हीपीएन, म्हणजे नेटची वाट दुसरीकडून वळवणारं अ‍ॅप, टाकलं की कुंपण ओलांडता येतं. आणि मित्राचा फोन असतोच.

शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा पालकांना फोन घ्या म्हणून आम्हीच सांगितलं. एकाने शेळी विकून घेतला. तो कसा वापरायचा हे सांगायला मात्र कुणी गेलं नाही, मीसुद्धा नाही. वर्गाच्या ग्रुपची लिंक कुठून कुठे गेली कोण जाणे, एका रात्री अनोळखी नंबर आत आला आणि घाणेरडी चित्रं टाकून गेला. सकाळी सातला एका मुलीचा फोन, "बाई, ग्रुप उघडू नका." ती मला जपत होती. आठवलं की अजून पोटात कालवतं. आता आम्ही लिंक कुणालाच देत नाही, प्रत्येक नंबर मी स्वतः जोडते.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात झाली. त्यात मोठ्यांचेही फोन बाजूला पडतात, म्हणून मला ते पटतं.

आई, ठाणे

मुलगी चौदा वर्षांची. गेमच्या चॅटवर "मी पण नववीत" म्हणत कुणीतरी ओळख वाढवली. तीन आठवडे गोड बोलून फोटो मागितला. तिने एक पाठवला, आणि धमक्या सुरू झाल्या. रात्री अडीचला माझ्या पांघरुणात शिरून म्हणाली, "आई, फोन काढून घे, पण आधी ऐक."

फोन काढून घेतला नाही. धमक्यांचे स्क्रीनशॉट घेतले, प्रोफाइल आणि तारखा वहीत उतरवल्या, ब्लॉक नंतर केलं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांवरच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे, नाव न देताही कळवता येतं. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. 'टेक इट डाउन' ही मोफत सोय आपल्याच फोनवर त्या फोटोचा डिजिटल ठसा काढते, फोटो कुठेही जात नाही. सहभागी कंपन्या त्या ठशावरून आपल्याकडचा फोटो शोधून काढून टाकतात. एक विनंती, असा फोटो पुरावा म्हणूनही कुणाला फॉरवर्ड करू नका.

विद्यार्थी, वय १९

अकरा वर्षांचा असताना क्लासच्या जिन्यात एका मोठ्या मुलाने दाखवलं. कळलं काहीच नाही, नुसती भीती वाटली. रात्री घास उतरेना. आईला सांगणार होतो, पण त्याच आठवड्यात बाबा शेजारच्या मुलाबद्दल "असली पोरं वाया गेलेली" म्हणाले होते. मग गप्प राहिलो. आज पहिल्यांदा लिहितोय.

आई, डोंबिवली

आमच्या सोसायटीतली मुलं गच्चीवर एकाच्याच फोनभोवती बसतात. माझा मुलगाही असतो. उद्या त्या मुलाच्या आईशी बोलायचंय. सुरुवात कशी करू?

शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा

तुमचा मुलगा म्हणून जाऊ नका ताई, आपली मुलं म्हणून जा. आणि दारात उभ्याने बोलू नका.

आई, डोंबिवली

जाऊन आले. तो फोन मुलाच्या मामाचा जुना, घरात कुणी बघितलाच नव्हता. त्या आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "तुम्ही बसा, मला यातलं काही येत नाही." तासभर दोघी एका फोनवर वाकून बसलो होतो. रविवारी आणखी तिघीजणी येणार आहेत.