मॅन्चिन ठीक आहे, किर्स्टन सिनेमाचं काय?

वेस्ट व्हर्जिनियाचा तेव्हाचा डेमोक्रॅट सेनेटर जो मॅन्चिन, त्याला प्रायमरीतच (पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत) पाडायला हवं होतं असं काहीजण म्हणतात, ते नाही पटत. त्या राज्यात २०२०ला ट्रम्प जवळपास ३९ टक्क्यांनी पुढे होते, तिथे दुसरा डेमोक्रॅट आलाच नसता. माझा राग ॲरिझोनाच्या तेव्हाच्या डेमोक्रॅट सेनेटर किर्स्टन सिनेमावर आहे. जानेवारी २०२२ला मतदान हक्काच्या बिलासाठी फिलिबस्टरचा नियम (६० मतं नसली तर सेनेटमधे बिल अडवून धरता येतं तो) बदलायची वेळ आली तेव्हा ५०-५०च्या सेनेटमधे ही दोघं रिपब्लिकनांबरोबर गेली आणि ५२-४८ने सगळं बारगळलं.

तीनच दिवसांत ॲरिझोनाच्या डेमोक्रॅटिक पक्षाने सिनेमाच्या निषेधाचा ठराव केला, पण अमेरिकेत सेनेटरला परत बोलवायची सोयच नाही, सहा वर्षं वाट बघायची. आणि वाट बघूनही मतदारांना हिशोब चुकता करता आलाच नाही, डिसेंबर २०२२मधे ती अपक्ष झाली आणि २०२४ला उभीच राहिली नाही. २०१८ला तिच्यासाठी दारोदार फिरलेल्यांना काय वाटलं असेल!