वॉर्डातल्या टीव्हीला बॉक्स कसला घ्यावा?

देवगडकर: रत्नागिरीजवळ आमचं छोटं मानसोपचार केंद्र आहे, हॉलमधला ४३ इंची टीव्ही उघडाच टांगलाय, वायरी खाली लोंबतायत, डॉक्टर म्हणतात रुग्ण यात स्वतःला इजा करून घेतील, आधी हे झाका. फॅब्रिकेटर काचेचं कपाट करून देतो म्हणतोय, चालेल ना?

खाडीकाठ: काच अजिबात नको हो! पुढे पॉलिकार्बोनेट (सहज न फुटणारं पारदर्शक प्लास्टिक) लावा आणि वरची बाजू सपाट न ठेवता चांगला तीव्र उतार द्या म्हणजे फास लावायला वर काही अडकवायला जागाच राहत नाही. हँडल, कडी, बाहेर आलेली बिजागरी काही नको, वायर भिंतीतून आत घ्या. एवढं करून भिंतीशी फट राहिली तर सगळं मुसळ केरात.

मालवणी_वेल्डर: खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड लगेच गंजतं, ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील पण डागाळतं, परवडलं तर ३१६ ग्रेडचं घ्या. स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने न फिरणारे. भिंत जांभ्याची असेल तर नुसत्या प्लगवर भरवसा नको, आरपार बोल्ट मारून मागे प्लेट द्या.

देवगडकर: जांभाच आहे 😅 आत गरम नाही का होणार?

खाडीकाठ: होतं ना, खाली-वर बारीक भोकं पाडून घ्या, बोट जाणार नाही एवढीच. आणि पुसायला थिनर नको, पॉलिकार्बोनेटला तडे जातात, साबणपाणी बस.