मदत हवी आहे: बाबांच्या हयातीतच बंदुकीचा परवाना मुलीच्या नावावर करता येतो का?

नमस्कार मंडळी. विषय थोडा वेगळा आहे. पण कोकणात शेती संरक्षण परवान्याची बंदूक असलेली घरं कमी नाहीत, म्हणून इथे विचारते आहे.

आम्ही सिंधुदुर्गातले. घरची काजूची बाग आहे, बरीचशी वेंगुर्ला ४ ची कलमं. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. ती जमा करून बाबांनी १९९१ साली १२ बोरची एकनळी घेतली. परवाना त्यांच्याच नावावर आहे. आज बाबा ७४ वर्षांचे आहेत आणि त्यांचा उजवा हात थरथरतो. मागच्या दसऱ्याला पाटावर ठेवायला त्यांनी बंदूक पुसायला घेतली आणि तेलाची चिंधी दोनदा हातातून गळली. काही न बोलता त्यांनी ती माझ्याकडे दिली. रात्री जेवताना म्हणाले, "माझ्या डोळ्यांदेखत काय ता करून घे गो बाय."

बाग गेली नऊ वर्षं मी बघते. फेब्रुवारी ते मे वानरांची टोळी उतरते. बोंडू (काजूची फळं) ओरबाडतात, कोवळी बी खाली टाकतात. फटाक्यांना ती आता भीत नाहीत. हवेत एक बार निघाला की दोन-तीन दिवस शांतता. पण बार काढायचा तो बाबांनीच, कारण परवान्यावर नाव त्यांचं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीमुळे बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती आणि तोच ऐन काजूचा हंगाम होता. बाबा रोज सकाळी डबा वाजवत बागेत फिरले. त्या हंगामात काय हाती लागलं ते बागायतदारांना सांगायला नको.

आता मूळ मुद्दा. माझा मोठा भाऊ टेक्सासमध्ये असतो. तो म्हणतो, "तायडे, ट्रस्ट करून टाका, मिटलं." त्याने स्वतः केला आहे. तिथे सायलेन्सर, आखूड नळीची रायफल अशा वस्तू अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्याखाली सरकारदरबारी नोंदवाव्या लागतात. एकट्याच्या नावावर नोंद असेल तर त्याच्या गैरहजेरीत बायकोनेसुद्धा ती वस्तू ताब्यात ठेवणं गुन्हा ठरू शकतो. म्हणून लोक ट्रस्ट करतात, वस्तू ट्रस्टच्या नावावर घेतात आणि घरातली माणसं विश्वस्त होतात. २०१६ पासून अशा प्रत्येक जबाबदार विश्वस्ताला फोटो आणि बोटांचे ठसे पाठवावे लागतात. करणारा गेला की वस्तू कोर्टाच्या फेऱ्यात न अडकता लाभार्थ्याकडे जाते. दादा हे कळकळीने सांगतो. त्याला भीती आहे की उद्या बाबांना काही झालं तर त्या रात्री घरात बंदूक असेल आणि परवानाधारक कुणीच नसेल. ती भीती मलाही आहे. आपल्या शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगायला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं शिक्षा आहे.

पण आपल्याकडे परवाना माणसाच्या नावावर मिळतो. ओळखीच्या वकिलांनीही तेच सांगितलं: मृत्युपत्रात बंदूक माझ्या नावे लिहिली तरी परवाना हाती येईपर्यंत मला तिला हात लावता येणार नाही.

म्हणून चौकशीला एका कार्यालयात गेले, बाबांना सोबत घेऊन. खिडकीवरच्या माणसाने कागद न बघताच सांगितलं, "वडील गेल्यावर मृत्यूचा दाखला घेऊन या." बाबा माझ्या शेजारी उभे होते. परतताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले. मला फार लागलं ते.

मला विचारायचंय ते असं. हयातीत वारसाच्या नावावर करण्याची तरतूद खरंच नाही का? सातबारा अजून बाबांच्या नावावर आहे, त्याने अडेल का? आणि लग्न झालेली मुलगी म्हणून कुणी अडवलं तर काय दाखवायचं? ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद

ताई, तरतूद आहे. शस्त्र नियम २०१६ मधला नियम २५ छापून सोबत न्या. परवानाधारक वारला तर वारसाला परवाना देता येतोच. शिवाय परवानाधारकाला ७० वर्षं पूर्ण झाली किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हापासून तो हयातीतच वारस सुचवू शकतो. तुमचे बाबा दोन्हींत बसतात. मुलगी वारसच आहे, लग्न झालेलं असो वा नसो.

अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करायचा. पोलीस चौकशी तुमची स्वतंत्र होईल आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही लागेल. बाबांच्या परवान्याच्या वहीवर यूआयएन (परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) चढलाय ना, ते आजच बघा. आमच्या काकांचं काम तिथेच अडलं होतं. सातबारा त्यांच्या नावावर होता, मुलाच्या अर्जाला काकांचं संमतीपत्र जोडलं आणि ते चाललं. इतर वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रावर घ्या. तोंडी नकार ऐकून परत येऊ नका. नकाराची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि शस्त्र कायद्याच्या कलम १८ खाली अपील करता येतं.

आणि देव न करो, मधल्या काळात काही झालंच, तर बंदूक घरात ठेवू नका. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा आणि पावती जपून ठेवा.

धागाकर्ती

मनापासून आभार. वही काढून बघितली, यूआयएन आहे. दादाशी बोलले. तो ह्यूस्टनच्या भारतीय वकिलातीत जाऊन ना हरकतीवर सही करणार आहे. नियम २५ बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. "सत्तर वर्षे" हे शब्द त्यांनी मला परत वाचायला लावले. सोमवारी आम्ही दोघं पुन्हा त्याच खिडकीवर जातोय. प्रशिक्षण जवळपास कुठे मिळतं, हे माहीत असेल तर तेवढं सांगा.